चोवीस तासांचा पेपर

माझ्या हृदयाची परीक्षा आणि आमच्या मंदारचा दहावीचा निकाल एकाच दिवशी होता, हे मला सोडून सगळ्या नवीन पनवेलला ठाऊक होतं.

परीक्षा अगदी रीतसर होती. मुंबईच्या एका इस्पितळातल्या रेगे डॉक्टरीणबाई ताण, व्यायाम आणि हृदय यांच्यावर संशोधन करत होत्या. त्यासाठी त्यांना चाळिशी ओलांडलेले, खुर्चीला चिकटून काम करणारे पुरुष हवे होते. पनवेलमध्ये हा माल मुबलक! जुन्या गावातल्या एका दवाखान्यात त्यांनी नावनोंदणी ठेवली आणि आमच्या ऑफिसातून पहिलं नाव मी दिलं. विज्ञानाची सेवा वगैरे काही नाही. मला भीती वाटत होती, म्हणून दिलं. माझे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या झटक्याने गेले, आणि मला चव्वेचाळिसावं लागायला चार महिने उरले होते. वडिलांकडून वारशाने माझ्याकडे दोनच गोष्टी आल्या होत्या : एक मनगटी घड्याळ आणि (बहुधा) हृदय. त्यातलं घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं.

फॉर्मवर एक प्रश्न होता, ‘व्यायाम करता का?’ मी लिहिलं, ‘रोज.’ (रोज करायचं ठरवतो, या अर्थाने.)

मग एका सकाळी आठ वाजता डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला पाच ठिकाणी चिकट्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि वायरींच्या दुसऱ्या टोकाला असलेलं यंत्र चामड्याच्या पिशवीत घालून माझ्या कमरेला बांधलं. वॉकमनच्या थोरल्या भावाएवढं यंत्र!

“हे उद्या सकाळपर्यंत असंच राहील. आंघोळ करायची नाही. आत कॅसेट आहे, तिच्यावर तुमचा ठोका न् ठोका नोंदला जाईल. आणि या वहीत लिहायचं, किती वाजता काय केलंत आणि तेव्हा ताण किती होता. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.”

“पथ्य काय?”

“काही नाही. फक्त रोजच्यासारखं वागा.”

इथेच सगळं फिसकटलं. कारण रोजच्यासारखं वागणं हा विषय आमच्या घराच्या अभ्यासक्रमातच नव्हता. आमच्याकडे तपासणी म्हटलं की ती परीक्षा, आणि परीक्षा म्हटलं की तयारी! रक्त तपासायचं असलं तर आधी चार दिवस गोड बंद, म्हणजे साखर चांगली यावी. मीटर बघायला माणूस येणार असला तर मीटर पुसून ठेवायचा. त्या दिवशी घरातून निघतानाच नीलाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या हातावर दही-साखर ठेवली होती. समोरच्या गॅलरीतून घरत वहिनी ओरडल्या होत्या, “बेस्ट लक हं भावोजी! घाबरू नका!” आणि मंदारने चक्क वाकून नमस्कार केला होता.

“आज तुझा निकाल ना रे?” मी विचारलं होतं.

“पुढे गेलाय बाबा. चार दिवस.”

“हो, पुढे गेलाय,” नीला म्हणाली.

“पुढेच गेलाय!” गॅलरीतून घरत वहिनी.

तीन माणसं एका सुरात एकच उत्तर देतात, तेव्हा कुठल्याही शहाण्या बापाच्या मनात पाल चुकचुकली असती. पण मला माझ्या पेपरची काळजी पडली होती.

यंत्र बांधून मी डबा घ्यायला घरी आलो. नीलाने पिशवीला कान लावला.

“आत काय फिरतंय हो?”

“कॅसेट.”

तिचा चेहरा एकदम बदलला. दोन पावलं मागे सरून, पदर सावरून ती म्हणाली, “आपण चहा घेणार का?”

आपण! सतरा वर्षांच्या संसारात मी ‘अहो’ होतो, ‘ऐकलंत का’ होतो, आणि एकदा तिच्या माहेरच्या लग्नात ‘हे ध्यान’ही झालो होतो. पण ‘आपण’ कधीच झालो नव्हतो. वर तिने विचारलं, “साखर किती चमचे घालू? आपल्याला आवडेल तितकी घालते.” गेली दोन वर्षं ही बाई माझ्या चहात साखर अशी टाकत होती, की जणू देवाला अक्षता वाहतेय! मी वहीत पहिली नोंद केली : ‘८.५०. चहा. सौ.ने साखर किती हवी ते विचारलं. ताण : ३.’

ऑफिसात आमचे देवस्थळी साहेब म्हणजे साक्षात जमदग्नी. समोर उभ्या माणसाला बसा म्हणणं हे त्यांना लाच दिल्यासारखं वाटायचं. मला बघून ते उठले आणि म्हणाले, “बसा, पाटणकर.”

मी मागे वळून पाहिलं. मागे दुसरा पाटणकर नव्हता.

“साहेब, ती अर्धवट राहिलेली फाईल...”

“राहू दे हो फाईल! फायली काय, आपल्यामागेही राहणारच आहेत. जीव महत्त्वाचा.” आणि त्यांनी स्वतःसाठी आलेला चहा माझ्याकडे सरकवला. (नीलाने सकाळीच घरतांच्या फोनवरून त्यांना दम भरला होता की, आज ह्यांना ताण देऊ नका, पेपर आहे. हे मला नंतर कळलं.) मी लिहिलं : ‘११.१५. साहेब माणसासारखे वागले. ताण : ५.’

चहा पिता पिता मला आठवलं, की वायरी लावायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं. फार बराच वेळ! आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “घरी फोन आहे का?” मी घरतांचा नंबर दिला होता. झालं! दोनात दोन मिळवले. बाईंना काहीतरी ऐकू आलं असणार. माझी पाठ वळताच त्यांनी घरतांकडे फोन केला असणार. नीलाने साहेबांना कळवलं असणार. आता मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, की वडिलांचं घड्याळ आणि वडिलांचं हृदय, दोन्ही एकाच कंपनीची निघाली.

डबा तसाच परत नेला. खरं सांगतो, विनोद मला त्या दुपारी एकही सुचला नाही.

तरी संध्याकाळी साडेपाचला मी मंदारचे कॅनव्हासचे बूट घालून बाहेर पडलो. फॉर्मवर ‘रोज’ लिहिलं होतं ना! जाता जाता लबाड म्हणून तरी जाऊ नये. आपण लोक वर्षभराचा अभ्यास पेपरच्या आदल्या दिवशी उरकतो. मी वीस वर्षांचा व्यायाम एका संध्याकाळी उरकायला सुकापूरच्या रस्त्याने धावत सुटलो. पहिली दोनशे पावलं धावलो. पुढची दोनशे चाललो. त्यापुढे विजेचा एक खांब होता, तो धरून उभा राहिलो. वही काढली : ‘५.५०. व्यायाम. ताण : ७. (अक्षर खराब आहे, एका हाताने खांब धरला आहे.)’

खांबापलीकडेच हिराबाई पाटी घेऊन बसायची. ही करंज्याहून मासळी घेऊन येणारी बाई. तिची आणि माझी गेली सहा वर्षं रोजची हुज्जत ठरलेली. मी भाव पाडायचा, तिने माझा बाप काढायचा, आणि शेवटी दोघांनी हसायचं. म्हटलं, निदान इथे तरी कोणी माझ्याशी नीट भांडेल.

“हिराबाई, बोंबील कसे दिलेस?”

तिने पाटीवरचा फडका उचलला, आणि माझ्या शर्टाच्या दोन बटणांमधून डोकावणाऱ्या वायरी बघून हात तसाच वर ठेवला.

“भाऊ, ह्या कसल्या वायरी हायत?”

“हृदयाच्या.”

“आई एकविरे!” तिने पाटीतले सगळ्यात ताजे बोंबील पिशवीत भरले आणि माझ्या हातात कोंबले. “न्या. आज पैसं नाय घेत मी तुमच्याकडून.”

“अगं, असं काय? भाव तरी सांग. भांड की जरा!”

“नाय भाऊ, तुमच्याशी काय भांडायचं आता? आदी बरं व्हा. नातवंडांची तोंडं बघा.”

‘६.०५. हिराबाईने भांडायला नकार दिला. ताण : ८.’

परतीच्या वाटेवर लतीफभाईंचं किराणा दुकान. त्यांचा इम्रान मंदारच्याच वर्गात. दुकानाबाहेर सात-आठ माणसं हसत खिदळत उभी होती आणि लतीफभाई मधोमध एक खोका धरून प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी घालत होते. मी दिसलो मात्र, हसणं बंद! खोका काउंटरखाली गेला. एकाचं तोंड भरलेलं होतं, त्याने ते तसंच भिंतीकडे वळवलं.

“या साहेब, या! तबियत कशी आहे?”

“ठीक. खोक्यात काय आहे लतीफभाई?”

“खोका? कुठला खोका? अच्छा, तो होय! साबण.”

साबणाला वेलचीचा वास येत होता. लतीफभाई काउंटरला वळसा घालून बाहेर आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, दिल छोटं करू नका. मी दुआ करतोय. ऊपरवाला पुन्हा एक मोका देतो.”

पुन्हा एक मोका! म्हणजे थेट पुढच्या जन्माचीच गोष्ट! जिन्यात घरत वहिनी भेटल्या. त्यांच्या पदराखालीही चौकोनी काहीतरी होतं.

“पेढे का वहिनी?” मी सरळच विचारलं.

“छे छे! पेढे कसले? औषध आहे हो, औषध!” म्हणत त्या दोन दोन पायऱ्या चढत पळाल्या.

माझी बुद्धी बघा. अख्ख्या पनवेलमध्ये पेढे वाटले जात होते, आणि ते कशाचे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. मला का नाहीत, एवढाच आला! आणि उत्तर उघड होतं : ज्याचं हृदय शेवटच्या गाडीला लागलंय, त्याला खव्याचा पेढा भरवून पाप कोण पत्करील? शेवटी माणूस स्वतःभोवतीच फिरतो म्हणतात, ते खोटं नाही.

घरात पाऊल टाकलं, तर खुर्चीवर दादा! माझा थोरला भाऊ पेणहून गणपतीशिवाय आजवर कधी आमच्याकडे आला नव्हता. तो उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “बाळू, दमलास का रे?” लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालणारा हात इतका मऊ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मंदार कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याचे डोळे लाल होते. स्वयंपाकघरातून नीला आणि दादा यांची कुजबुज ऐकू आली.

“आता सांगायचं का?”

“नको भावोजी, सकाळी. ते काढल्यावर. आत्ता काही झालं म्हणजे?”

‘६.४०. दादा पेणहून आला. ताण : ११.’ (दहाच्या पुढची सोय वहीत नव्हती. समासात लिहिलं.)

मग मी ठरवलं. किती वेळ लपाछपी खेळायची? मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं, स्वतः मधल्या खुर्चीवर बसलो आणि शांत आवाजात (निदान मला तो शांत वाटला) सुरुवात केली.

“हे बघा, मला सगळं कळलंय.”

नीलाच्या हातातलं ताट खाली पडलं.

“नीला, विम्याचे कागद लोखंडी कपाटात, खालच्या खणात आहेत. दादा, यांच्याकडे लक्ष ठेव. मंदार, आईला कधी दुखवू नकोस.”

मंदार हमसून हमसून रडायला लागला. “बाबा, तुम्हाला कधी कळलं?”

“दुपारीच.”

“आणि तुम्ही रागावला नाहीत?”

“कुणावर रागावू बाळा? हे आपल्या घराण्यातच आहे. माझ्या वडिलांकडून आलंय.”

मंदारने डोळे पुसले. “म्हणजे आजोबांचंपण गणित राहिलं होतं?”

मी दादाकडे पाहिलं, दादाने छताकडे पाहिलं.

“गणित? कसलं गणित?”

“थांबा!” नीला ओरडली. ती आत धावली, उशी घेऊन आली, ती माझ्या कमरेच्या यंत्रावर दाबली आणि जुन्या पातळाने करकचून बांधली. मी अर्धा माणूस आणि अर्धा लोड दिसायला लागलो.

“हे काय चाललंय?”

“ते ऐकतंय ना! सकाळपासून कॅसेट फिरतेय. उद्या ती डॉक्टरीणबाई लावून बसेल आणि म्हणेल, काय कजाग बाई आहे, हिच्यामुळेच बिचाऱ्याचं हृदय गेलं! दिवसभर मेलं मला बातम्या दिल्यासारखं बोलावं लागलं, जीभ दुखली माझी!” तिने एक मोठा श्वास घेतला आणि मग तिचा खरा, सतरा वर्षांच्या ओळखीचा आवाज आला. “नापास झालाय तुमचा चिरंजीव! गणितात! घरतांची वैशाली पास झाली, लतीफभाईंचा इम्रान पास झाला, आपलंच दिवटं राहिलं! तुमची समजूत घालायला भावोजींना पेणहून बोलवावं लागलं! आणि तुम्ही! नको म्हणत असताना त्या बुटांत धावायला कोणी सांगितलं होतं? खांबाला मिठी मारून उभे होतात म्हणे, सगळ्या कॉलनीने बघितलं! आंघोळीचा पत्ता नाही, पारोसे तसेच माझ्या सोफ्यावर बसलात आणि ते बोंबील, ते काय टीपॉयवर ठेवायची वस्तू आहे?”

“म्हणजे... डॉक्टरांचा फोन आला नव्हता?”

“कुठल्या डॉक्टरांचा?”

“मी मरत नाहीये?”

“आता मी मारीन!”

मी उठलो. पोटावरच्या उशीसकट धावलो आणि मंदारला घट्ट मिठी मारली. “नापास झालास? गणितात? शाब्बास रे माझ्या वाघा!”

“बाळूच्या मेंदूवर परिणाम झाला,” दादा म्हणाला.

मंदारला काहीच समजेना. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, “मला वाटलं, माझा निकाल ऐकून तुमचंपण आजोबांसारखं होईल.”

हसू तिथेच विझलं. मी दिवसभर स्वतःचं सुतक पाळत पनवेलभर फिरत होतो, आणि हे पंधरा वर्षांचं पोर दुपारपासून एकट्याने एवढं ओझं घेऊन कोपऱ्यात बसलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मिठीत छातीवरची एक चिकटी निघाली होती. ती त्यानेच पुसून पुन्हा जागेवर लावली आणि वर अंगठ्याने दाबून धरली, बराच वेळ.

नीलाचं बोलणं जेवण होईपर्यंत चालू राहिलं. तळलेल्या बोंबलाबरोबर ते मी मन लावून ऐकलं. वहीत लिहिलं : ‘८.४०. मुलगा नापास. सौ. ओरडते आहे. ताण : ०.’

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. टेबलावर लांबलचक कागदी पट्टी पसरली होती आणि शेजारी माझी वही. त्या एकदा पट्टीकडे बघत, एकदा वहीकडे.

“साहेबांनी चहा दिला, तेव्हा तुमचं हृदय जिना चढल्यासारखं धडधडतंय. भाऊ आला, तेव्हा तर विचारूच नका. आणि इथे, आठ चाळीसला एकदम शांत, झोपलेल्या बाळासारखं. काय घेतलंत तुम्ही तेव्हा?”

“बोलणी खाल्ली, डॉक्टर. बायकोची.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी मात्र ज्यासाठी आलो होतो तो प्रश्न विचारला. “माझ्या वडिलांचं... म्हणजे माझं हृदय, ते कसं आहे?”

“ठणठणीत! एवढ्या धडधडीत एक ठोका चुकलेला नाही. वजन उतरवा आणि रोज चाला. खरंच रोज, फॉर्ममधलं रोज नको. बाकी अजिबात काळजी करू नका.”

मी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरण्याचं निमित्त केलं. मग उत्साहाने म्हणालो, “म्हणजे पास ना?”

“हृदय पास आहे, तुम्ही नाही. मला तुमचा रोजचा दिवस हवा होता आणि यात रोजचं काहीच नाही. ही नोंद मला संशोधनात धरता येणार नाही. पुन्हा यावं लागेल. पुढची तुकडी ऑक्टोबरात.”

अशा रीतीने त्या वर्षी आमच्या घरातून बाप-लेक दोघंही ऑक्टोबरला बसले. मंदारने चार महिने घासून अभ्यास केला. माझी तयारी नीलाने करून घेतली. आदल्या दिवशी तिने रोजच्यासारखं वागण्याची रंगीत तालीमच घेतली : सातला ती दुधावरून बोलणार, सव्वासातला मी वर्तमानपत्रामागे लपणार, साडेसातला मंदारने हरवलेला मोजा शोधायचा, आणि साहेबांना फोन करून, आज ह्यांना नेहमीसारखं झापा, अशी विनंती करायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापली वाक्यं चोख म्हटली. ती दुसरी पट्टी पाहून डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं. मंदारचं गणित सुटलं. मी मात्र ‘रोजच्यासारखं वागणं’ या एकाच विषयासाठी अजून बाहेरून बसतो आहे.